शोधगंगेत प्रबंध सोडताना

साम्य शून्य टक्के! माझ्या पीएचडी प्रबंधाच्या वाङ्मयचौर्य-तपासणीचा अहवाल पाहून आमचे सर खूश झाले, मीही झाले. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या वाङ्मयचौर्य नियमांत दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, आणि इथे तर शून्य. ग्रंथालयातल्या मॅडमनी मात्र माझ्या पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून कोऱ्या फाइलीत चिकटवला. तिथे जे उमटलं ते मराठी नव्हतंच. डॉलर, कंस, टोप्या घातलेले इंग्रजी स्वर.

"यंत्राला हे दिसतंय," त्या म्हणाल्या. "याच्याशी कुणाचं साम्य निघणार?"

माझा विषय बार्शी भागातल्या जात्यावरच्या ओव्या. तीनशेवर पानं, सगळी डीटीपीच्या दुकानात जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. कागदावर देखणी, पण आत मराठी अक्षरं नव्हतीच, इंग्रजी चिन्हांवर चढवलेली मराठी अक्षरांची चित्रं होती. आणि प्रबंध कपाटात जाऊन पडणार नव्हता. २००९पासून पीएचडीची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावी लागते. २०१६पासूनच्या नियमांप्रमाणे तर पदवी जाहीर होण्याआधीच ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राकडे, म्हणजे त्यांच्या शोधगंगा या प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन भांडारात, गेली पाहिजे. शोधायला गेल्यावर 'ओवी' हा शब्दच सापडणार नसेल तर तो प्रबंध तिथे असून नसल्यासारखा.

मग युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी म्हणूनच वाचता येणारी अक्षरं. कन्व्हर्टरने दोन मिनिटांत सगळं फिरवलं आणि पुढचे दोन महिने मी रफार शोधत बसले. 'वर्ष'चं 'वषर्', 'धर्म'चं 'धमर्'. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये आधी. पहिली वेलांटी तशीच, उलट बाजूने. भावाने शोधा-बदलाची एक यादी करून दिली, पण ओव्यांमधले बोलीतले शब्द यादीत कुठून असणार? ते डोळ्यांनीच. पुन्हा तपासलं तेव्हा साम्य सात टक्के आलं. सात टक्क्यांचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नसेल.

व्हायवानंतर, म्हणजे तोंडी परीक्षेनंतर, प्रबंधाचे तुकडे करायचं काम: मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, प्रत्येक प्रकरण, सगळ्याच्या वेगळ्या पीडीएफ, ठरलेल्या क्रमांकांनी. त्यात '८०' क्रमांकाची एक फाइल असते, शीर्षकपान आणि निष्कर्ष एकत्र. ८०च का, हे मला कुणीच सांगितलं नाही.

परिशिष्टापाशी हात अडला. तेवीस बायकांची नावं, गावं, आणि ओवीआधी प्रत्येकीने सांगितलेली हकीकत. परवानगी घेतली होती, पण 'पुस्तकात छापू का' एवढ्यापुरतीच. कुणीही, कुठूनही, फुकट वाचेल हे तेव्हा मलाच सुचलं नव्हतं. नियम प्रबंध खुला करा म्हणतो. या बायकांना कसं विचारायचं ते मात्र माझं मलाच ठरवावं लागलं. दोन वर्षांपूर्वी पालथी घातलेली गावं पुन्हा फिरले. तिघी तोवर गेल्या होत्या. त्यांच्या घरच्यांना विचारलं. एक आजी म्हणाली, "नाव ऱ्हाऊ दे गं पोरी. पर ती सासूची गोष्ट काढ. तिची नातवंडं हायती गावात." काढली.

आता २०२५पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेखाली सरकारी शिक्षण-संशोधन संस्थांना सुमारे तेरा हजार नियतकालिकं वाचता येतात. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी मंजूर झालेत. उत्तमच. पण ते दार संस्थेत असलेल्यांनाच उघडतं. शोधगंगेवरचा प्रबंध वाचायला लॉगिनही लागत नाही, म्हणून त्या आजीच्या नातीला मी नुसती लिंक पाठवली.

तासाभरात तिचा फोन. आजीला नाव दाखवलं, आजी खूश आहे.

"पण ताई, तालुका 'बाशीर्' असा का लिहिलाय?"

ग्रंथालयातल्या मॅडमना मी अजून सांगितलेलं नाही.