नायगाव ते भाईंदर

प्रार्थना करायची असेल तेव्हा आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे, असे येशू मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात सांगतो. अकरावीत असताना हे वचन वाचून मला थोडे हसू येई, कारण वसईतल्या आमच्या घरात माणसे सहा, खोल्या तीन आणि आतून कडी लागणारे दार एकच, तेही न्हाणीघराचे. तिथेही मी प्रयत्न करून पाहिला होता, पण ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणून होते न होते तोच बाहेरून पपांचा आवाज येई, “अगं, आणखी किती वेळ?”

संध्याकाळी घरात रोजरी, म्हणजे मरियेच्या जपमाळेची प्रार्थना, होत असे आणि आजी ५३ ‘नमो मरिया’ एका लयीत म्हणून घेत असे. पण सर्वांच्या सुरात सूर मिसळणे वेगळे आणि आपले गाऱ्हाणे एकट्याने देवापुढे मांडणे वेगळे. शिवाय क्लासहून घरी पोचल्यावर गुडघे टेकताच माझा डोळा लागे. मग पहाटेचा गजर लावून पाहिला. येशूही अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला जाई, असे मार्कने लिहिले आहे; मात्र रसायनशास्त्राच्या सरांनी रात्री बाराला फोनवर पाठवलेली प्रश्नपत्रिका तिथे त्याची वाट पाहत नसे.

एकांत अखेर सापडला तो लोकलच्या महिलांच्या डब्यात. नायगाव सुटले की गाडी वसईच्या खाडीवर येते, चाकांचा आवाज एकाएकी पोकळ होतो, खारा वारा आत शिरतो. मध्ये पाणजू बेट, पुन्हा पाणी आणि मग भाईंदर. माझा एक हात वरच्या हँडलला असे आणि दुसऱ्या हाताच्या बोटात आजीने दिलेली रोजरीची अंगठी, जिच्या कडेने दहा बारीक मणी आणि एक क्रूस उठवलेला आहे. अंगठ्याने एकेक मणी मागे सारताना मधल्या फटींतून चाचणीची भीती, मैत्रिणीशी धरलेला अबोला, असे काहीबाही देवाच्या कानावर घालता येई. दहा मण्यांना चारेक मिनिटे लागतात आणि भाईंदर यायलाही जवळपास तेवढीच, हा हिशेब मी त्रिकोणमितीपेक्षा मन लावून केला होता. पुरुषांच्या डब्यात टाळ-मृदंगावर भजने रंगतात, तेव्हा देवाला लोकलमध्ये आणणारी मी काही पहिली नव्हते.

एकदा आठव्या मण्यावर असताना डोळे उघडले, तर समोर बसलेल्या मावशी खिडकीच्या गजांतून खाडीत नाणे टाकून हात जोडत होत्या. आमची नजरानजर झाली. त्यांनी माझ्या अंगठीकडे पाहिले, पिशवी उचलली आणि म्हणाल्या, “मी भाईंदरला उतरतेय, तू बस.” उरलेले दोन मणी मी बसून पूर्ण केले.