पार्लरमध्ये झोप लागली

बुधवार, रात्रीचे पावणेबारा

आज पार्लरमध्ये मला झोप लागली. घडलंय ते एवढंच. पण संध्याकाळपासून ते मनातून जात नाही, म्हणून सगळे झोपल्यावर वही घेऊन बसलेय.

उद्या हळद, परवा अक्षता. केस मुळाशी दोन बोटं पांढरे दिसायला लागले होते. वहिनीने फोनवर दोनदा आठवण केली, "वन्सं, फोटो आयुष्यभर राहतात." म्हणून राजारामपुरीत गेले. सोमवारीच जाऊन कानामागे थोडा रंग लावून घेतला होता. गेल्या वर्षी घरी पाकीट आणून लावलं तेव्हा पापण्या सुजून डोळे उघडेनात, तेव्हापासून ही पार्लरवाली पॅच टेस्टशिवाय हात लावत नाही. काळ्या रंगात पीपीडी म्हणून एक रसायन असतं, बऱ्याच जणींना ते बाधतं. लग्नात झटपट चढते ती काळी मेंदी, तिच्यातही तेच घातलेलं असतं. तिने हे मला शांतपणे समजावलं, आणि पूर्ण दोन दिवस थांबायला लावलं. माझ्या पापण्यांची एवढी फिकीर घरात कुणी केली होती का, ते आता आठवत बसत नाही.

आयब्रो झाल्या. "वरची पापणी ताणून धरा मॅडम," ती दोरा दातात धरूनच म्हणाली. मग मुळांना रंग, मग अर्धा तास बसणं, मग बेसिनला मान मागे टाकून धुणं. पाणी कोमट होतं. टॉवेल गुंडाळून तिने मला परत खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "मान लई आखडलीय तुमची, पाच मिनिटं दाबते." तिची बोटं कानामागून वर सरकली, तिथपर्यंतचं आठवतंय.

डोळे उघडले तेव्हा समोरच्या भिंतीवर पावणेसात. माझ्या डोक्यावरचा दिवा मालवलेला. माझ्यानंतर आलेली बाई पलीकडच्या खुर्चीत, तिचं काम निम्म्यावर आलेलं. आणि माझ्या गुडघ्यांवर एक ओढणी घातलेली. माझी नव्हती, पार्लरवालीची होती.

मी ताडकन उठले. "अगं बाई, उठवायचं नाही का," म्हणून पर्स शोधायला लागले. तोंड तापलं होतं. आणि ती म्हणाली, "झोपा की मॅडम. इथं निम्म्या बायका झोपायलाच येत्यात. फेशियल हे नाव."

तिने पैसे रंगाचे आणि आयब्रोचेच घेतले. मान दाबल्याचे देऊ केले तर हात मागे घेतला.

रिक्षात बसल्यापासून एकच प्रश्न. मला एवढं ओशाळल्यासारखं का झालं? अनोळखी बायकांसमोर मी वरच्या ओठावरची लव काढून घेतली आहे, डोळ्यांतून पाणी गळत असताना. डोक्यावर काळा लेप थापून, प्लास्टिकची टोपी घालून अर्धा तास आरशासमोर बसले आहे. त्याची कधी लाज वाटली नाही. आणि चाळीस मिनिटं डोळा लागला तर चोरी पकडल्यासारखं झालं.

जरा वेळाने असं वाटलं, आमच्या घरात "पार्लरला जाऊन येते" म्हटलं की कुणी काही विचारत नाही. हेसुद्धा नाहीत. उलट, "जा, लग्न आहे ना." पण दुपारी चारला "मी तासभर पडते" म्हणून बघावं. लगेच, "बरं वाटत नाही का?" सासूबाई कपाळाला हात लावून बघायच्या, प्रेमानेच. म्हणजे पडायचं असेल तर आजारी असायला हवं. आजारी नसाल तर निदान सुंदर व्हायला हवं. त्या दोन्हींच्या मध्ये, नुसतं दमलेय म्हणून बसायला मला जागा नव्हती, आणि इतकी वर्षं ते माझ्या लक्षातही आलं नाही. लक्षात कसं आलं नाही याचाच राग येतोय.

लहानपणी आत्याकडे महाद्वार रोडला राहायला आलो की एखाद्या रात्री अंबाबाईच्या शेजारतीला जायचो. आरती झाली, दार लागलं की आई आमच्या तोंडावर बोट ठेवायची, "आता देवी निजली, बोलू नका." परतीच्या वाटेवर आम्ही खरंच कुजबुजत चालायचो. अंबाबाई का निजली, तिला बरं नाही का, असं आम्हाला कधी विचारावंसं वाटलं नाही. दिवसभर नेसून-नटून उभी होती, आता निजणार, इतकं ते सरळ होतं.

धाकटीने पुण्याहून बाटल्या पाठवल्यात. सकाळचं सीरम वेगळं, रात्रीचं वेगळं, वर सनस्क्रीन, दोन बोटांवर मावेल एवढं, आणि उन्हात असशील तर दर दोन तासांनी परत. तिने सगळं क्रमाने लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. खाली लिहिलंय, "आई, स्वतःसाठी कर." पोरीची माया आहे त्यात, मला कळतं. सनस्क्रीन मी सोडणार नाही, गालावरचे वांग उन्हाने काळवंडतात हे मी स्वतः बघितलंय. पण बाकीचं? ओटा पुसून, विरजण लावून, दुसऱ्या दिवशीचे मूग भिजत घालून साडेदहाला मी त्या आरशासमोर उभी राहते आणि कागद वाचून एकेक लावत जाते. उभ्यानेच. एक काम संपवून दुसरं हातात घेतल्यासारखं. एखाद्या रात्री राहिलं तर अपराधी वाटतं, आणि तेही कुणाशी, तर स्वतःशी. तिने काळजी घे म्हणून पाठवलं आणि मी त्याची कामाच्या यादीत भर घातली. यात तिची चूक नाही.

आणि मी हे शिकवते! बिनपगारी कामाचा मुद्दा आला की दर वर्षी अकरावीच्या वर्गाला केंद्र सरकारची वेळ-वापर पाहणी सांगते. २०१९ च्या पाहणीत, ज्या बायका आपल्या घरचं बिनपगारी काम करतात त्यांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती आणि जे पुरुष करतात त्यांची ९७. २०२४ च्या पाहणीत ते आकडे २८९ आणि ८८ वर आले. बायकांची दहा मिनिटं वाचली, पुरुषांची नऊ. मुली तेवढ्यावर एकमेकींकडे बघतात. मग त्यांना आपापल्या आईचा एक दिवस तासातासाने लिहून आणायला सांगते. गेल्या वर्षी एकीने आणलेल्या कागदावर दुपारी तीन ते साडेतीनपुढे लिहिलेलं होतं, "आई भिंतीला टेकून बसली (काही करत नव्हती)." मी त्या ओळीखाली रेघ मारून पुढे गेले होते. आज तो कागद परत हवासा वाटतोय. त्या पाहणीत कामांची जी वर्गवारी आहे, तिच्यात "स्वतःची काळजी" असं एक सदर आहे, आणि झोप त्याच सदरात मोजतात. जेवण, अंघोळ आणि झोप. फळ्यावर मी ते किती वेळा लिहिलंय, आणि माझ्या स्वतःच्या मनात त्या शब्दांचा अर्थ बाटल्या असा होता.

हे लिहिताना एक गोष्ट टाळत होते, ती लिहूनच टाकते. तिची बोटं केसांत फिरली तेव्हा मला रडू आलं होतं. झोपेच्या आधी. माझ्या डोक्याला कुणी शेवटचा हात कधी लावला? ताप बघायला नव्हे, काही हवंय म्हणून नव्हे. मुलींची डोकी मी वर्षानुवर्षं चोळली, सासूबाईंची शेवटच्या दोन वर्षांत रोज विंचरली. ह्यांच्याबद्दल लिहिणार होते, पण नको. रात्री तीनला जाग येते, अंग पेटल्यासारखं होतं, मग पंख्याकडे बघत पहाट होते, तेही आज नको. नुसतं एवढंच की सेहेचाळिसाव्या वर्षी, पैसे देऊन बसलेल्या खुर्चीत, कुणीतरी मान दाबली आणि मला वाटलं, हे थांबू नये.

आईचा चारचा वेळ असायचा.

दुपारची भांडी झाली, शेरडांना पाणी दाखवलं की चारला ती सोप्यातल्या खांबाला टेकून बसायची. आरशाची पेटी पुढ्यात. पेटीत लाकडी फणी, बारीक दातांची उवांची फणी, मेणाची डबी, कुंकवाचा करंडा. पलीकडून अक्का यायची. दोघी आळीपाळीने एकमेकींची डोकी विंचरायच्या, तेल घालायच्या, बुचडा बांधायच्या. मग तोंडावर पाणी, पदराने पुसणं, बोटाने मेण, त्यावर कुंकू, कडा अगदी गोल. अण्णांचा दरारा मोठा, पण त्या अर्ध्या तासात त्यांनीही कधी चहा मागितला नाही. बाहेर रस्त्यावर उभे राहायचे. आम्ही पोरं मध्ये आलो तर अक्का फणीनेच हाकलायची.

तेव्हा वाटायचं, आई नटतेय. आई नटण्यातली नव्हतीच खरं तर. दोन लुगडी आणि एक ठेवणीतलं.

अण्णा गेले, आणि त्या दिवशी बायकांनी तिचं कुंकू पुसलं, बांगड्या वाढवल्या. मी तिथेच होते. अडवलं नाही. सगळ्यांना, मलाही, कुंकू गेल्याचंच दुःख दिसत होतं. पण कुंकू नाही म्हणून मग आरसा नाही, आरसा नाही म्हणून पेटी नाही, आणि पेटी नाही म्हटल्यावर चारला खांबाला टेकून बसायला कारणच उरलं नाही. पेटी माळ्यावर गेली. केस ती पहाटे मोरीतच विंचरायला लागली, उभ्याने. तिचा तो अर्धा तास कुणी काढून घ्यायचं म्हणून घेतला नाही. तो कुंकवाबरोबर गेला. हे मला आज, इतक्या वर्षांनी, रिक्षात कळलं.

आमच्याच तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये ठराव केला. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत. शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं होत होती त्याच आठवड्यात. मग राज्य सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींनी तसंच करावं म्हणून पत्रक काढलं. मला इतका आनंद झाला होता की त्या रविवारी करंडा विकत घेऊन गावी गेले. आईने तो हातात घेतला, झाकण उघडून बघितलं, बंद केला. "आता मला कशाला बाई," म्हणाली. मी फार समजावलं. हक्काचं सांगितलं. ती शेंगा फोडत ऐकत राहिली. तेव्हा मी तिच्यापुढे करंडा ठेवला, पण चारला येऊन तिच्या मागे फणी घेऊन बसणारं कुणी नव्हतं. अक्का तोवर गेली होती.

ठराव हवाच होता, आजही तेच म्हणेन. पण मी त्या दिवशी करंडा ठेवून पाचच्या एसटीने परत आले, हे मला आज बोचतंय.

रात्री नऊला आईचा फोन आला. हळदीला किती वाजता गाडी पाठवतोस, म्हणून दादाला विचारायचं होतं, लागला मला. मी सांगून टाकलं, आई, आज मी पार्लरमध्ये झोपले.

"किती येळ?"

"चाळीस मिनिटं असतील. लाज वाटली गं."

"लाज कसली त्यात." मग जरा गप्प झाली. मला वाटलं फोन कट झाला. "मी तर वेणी घालताना रोज झोपायचो की."

"कधी?"

"चारला. खांबाला टेकून. अक्काला ठावं हुतं. माझा डोळा लागला की ती फणी हळू करायची. झालेलं डोकं परत विंचरत बसायची, म्हंजे कुणाला वाटावं अजून चाललंय."

मला काही बोलायलाच सुचेना. तिला मात्र हे सांगण्यात काही विशेष वाटलं नसावं, कारण लगेच म्हणाली, "गाडी आठला लाव म्हणावं दादाला. आनि तू जेवलीस का?"

जेवले म्हटलं.

उद्या साडेनऊला हळद आहे, त्याआधी तिला आणायला दादाबरोबर मीच जाणार आहे. पेटी अजून माळ्यावर असेल तर खाली काढायची आहे. उशीला रंगाचा वास लागलाय. बाटल्या आज उघडल्याच नाहीत.