भिंतीकडे तोंड करून

"बाबा, भिंतीला गाणं शिकवतोयस का?"

लेकीचं काही चुकलं नव्हतं. मी खुर्ची भिंतीकडे वळवून, लॅपटॉपकडे पाठ करून, मान जमेल तितकी मागे पिरगाळून स्क्रीनवर एक डोळा ठेवत गिटार वाजवत होतो. ही बैठक माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या हट्टापायी आहे. तिचे पिकअप, म्हणजे स्ट्रिंगचं कंपन विजेत उतरवणारे तुकडे, सिंगल कॉइलचे. चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. त्यांना स्ट्रिंगचं कंपन कळतं आणि सोबत घरभर भिंतीतून फिरणारी वीजही कळते. स्क्रीनकडे तोंड केलं की घूंऽऽ. थोडं उजवीकडे वळलं की घूं बारीक होते. नेमकं त्या भिंतीकडे, कॅलेंडरच्या खिळ्याच्या रोखाने बसलं की गप्प. गच्चीवर अँटेना फिरवणारा आणि खालून "आलं, आलं... गेलं!" ओरडणारा, दोघंही मीच.

त्या दुपारी मात्र घूं नव्हे, एक नवीनच आवाज सापडला. माउस हलवला की गिटारमधून खर्रर्र यायचं. सावकाश हलवला तर दार करकरल्यासारखं, झटकन हलवला तर कागद फाडल्यासारखं. स्क्रीनवरची खिडकी कोपऱ्यात ओढली की पट्टी वर चढायची. मी रेकॉर्ड करायला बसलो होतो गाणं, आणि पुढचा तासभर माउस रेकॉर्ड केला. वेग निम्म्यावर आणला, थोडा घुमारा दिला. झकास ताल निघाला. गाणं राहिलं.

बिघाडाला वाद्य मानायची खोड माझी एकट्याची नाही, एवढं समाधान आहे. साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मिक्सरचा एक चॅनल ऐन रेकॉर्डिंगमध्ये बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या बेस गिटारचा आवाज फाटून भुंग्यासारखा झाला. तो तसाच ठेवला गेला. लोकांना इतका आवडला की 1962 मध्ये तोच फाटका आवाज मुद्दाम काढणारी डबी विकायला आली, माएस्ट्रो फझ-टोन. तिथून पुढे पायाखालच्या डब्यांचा वंश वाढतच गेला. त्यातले सात वंशज माझ्याकडे आहेत. वाजवतो त्यातले दोन. उरलेल्यांच्या सॉकेटवरची धूळ पुसतो आणि एकाच अडॅप्टरमधून नऊ व्होल्ट सगळ्यांना कसे पुरवायचे याची गणितं मांडतो. पेडल आणताना मनात पक्कं असतं, की याच डबीवाचून अडलं होतं. आठवडाभर तसं वाटतही राहतं.

लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नसे. मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, आणि 1954 साली स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली त्याच्या कंपनीने. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार हलकं वाटलं होतं. हलकं वाटून घेण्यात एक लबाडी होती हे मान्य. त्याने गिटार तरी पुरी केली. माझ्या लॅपटॉपवर 'गाणी' नावाचा फोल्डर आहे, त्यात 'नवीन', 'नवीन खरं', 'नवीन खरं 2', 'हेच घ्यायचं' अशा फायली आहेत आणि एकही चाळीस सेकंदांच्या पुढे जात नाही.

घूंवर उपाय आहे, तोही 1955 पासून. गिब्सन या गिटार कंपनीतल्या सेथ लव्हरने दोन कॉइल शेजारीशेजारी बसवल्या, दोघींचे वेढे उलट, चुंबकही उलट. स्ट्रिंगचा आवाज दोघींचा मिळून वाढतो, बाहेरून आलेली घूं एकमेकींत खलास. हंबकर म्हणतात ते हेच. गिटारवाले मित्र भेटले की दर वेळी तेच सांगतात, "हंबकर बसव आणि सुटका करून घे." मी हो म्हणतो. पण त्यात घूंबरोबर टोकाची एक लकाकीही जाते असं माझ्या कानाला वाटतं. कान माझा, त्यामुळे वाद मिटतो.

आणि खरं सांगायचं तर मला घूंचा रागच येत नाही. याला कारण ती कॅसेट.

शाळेत असताना मी आणि आतेभाऊ कॅसेटची कॉपी करायचो. डबल डेक वगैरे दूरची गोष्ट. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवायचे, एकावर प्ले, दुसऱ्यावर प्ले आणि रेकॉर्ड एकदम दाबायचं, आणि गाणं संपेपर्यंत श्वास रोखून बसायचं. खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचं. एवढं करून दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर आई आत डोकावलीच. "अरे, पंखा लावून दोघं जमिनीवर का पालथे पडलात?" आम्ही हात नाचवून गप्प राहायची खूण केली, तर आणखी जोरात, "बोलत का नाही?" सगळं टेपवर उतरलं. आतेभाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

काही वर्षांपूर्वी ती कॅसेट मी संगणकात उतरवली. फिती पिवळट झाल्या होत्या, एक जागी पेन्सिल घालून गुंडाळावी लागली. आवाज स्वच्छ करायचा प्रोग्रॅम होताच हाताशी. नुसतीच खरखर असलेला सेकंदभराचा तुकडा त्याला दाखवायचा, हा कचरा म्हणून सांगायचं, की तो तेवढा कचरा सबंध टेपमधून वजा करतो. केला वजा. आईला हेडफोन लावून ऐकवलं. ती म्हणाली, "ही कोण बाई? पाण्याखालून बोलल्यासारखी." मग मी आधीची, न धुतलेली फाईल लावली. चेहरा एकदम खुलला. "अगंबाई, हा तर आपला पंखा!"

स्वतःचा आवाज तिने तेव्हाही ओळखला नाही. धुतलेली फाईल मी पुसून टाकली.

तर त्या दुपारी माउसचा ताल ऐकत असतानाच वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर होता, गिटार त्याला जोडणारी डबी, म्हणजे इंटरफेस, त्याच्याच यूएसबीवर, त्यामुळे रेकॉर्डिंग चालूच राहिलं. आणि हेडफोनमध्ये एकदम काहीच उरलं नाही. इतकी शांतता या गिटारने माझ्याकडे कधी ऐकली नसेल. मी सरसावून वाजवायला घेतलं. मग एकेक ऐकू यायला लागलं. पिक स्ट्रिंगला लागण्याआधी नखाला लागतं. बोटं सरकताना किंचाळतात. खुर्ची कुरकुरते. आणि तिसरी कॉर्ड दर वेळी उशिरा पडते. हा उशीर मी आजवर संगणकाच्या माथी मारत आलो. बफर, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाचे जितके नमुने साठवून मग पुढे सोडतो तो आकडा, 256 वर ठेवलाय म्हणून असं होतं, असं सांगत आलो, आणि तोंडावर लेटन्सी (म्हणजे हाच उशीर) हा शब्द फेकला की समोरचा गप्प बसतो. सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या हिशेबाने 256 म्हणजे सहा मिलिसेकंदांच्या आत. तेवढ्यात आवाज दोन मीटर जातो. आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा असा दोनदा मोजला, तरी अ‍ॅम्पपासून चार मीटरवर उभं राहून वाजवलं तर जितका उशीर, जवळपास तितकाच. बाकीचा सगळा डाव्या हाताच्या करंगळीचा.

अर्ध्या तासाने वीज आली. फ्रिजने उचकी दिली, पंखा फिरायला लागला, आणि हेडफोनमध्ये घूंऽऽ. सुटलो असंच वाटलं.

सहज ट्यूनर लावून पाहिला. जिथे वीज 50 हर्ट्झची तिथे घूंही 50ची आणि तिच्या पटींतली. 100, 150, 200. अमेरिकेत वीज 60ची, तिथल्या घरांची पट्टी वेगळी. आमचं घर खालच्या जी या सुराच्या जरासं वर गुणगुणतं. जी 49वर, आम्ही 50वर. गिटारची तिसरी स्ट्रिंगही जीच, 196वर. मी तिची खुंटी केसभर पिळून ती 200वर नेली. मग तिला धरून बाकीच्या पाच. संगणकातली वाद्यं बेसूर व्हायला लागली, म्हणून त्यांचा सूर ज्यावरून ठरतो तो 440चा आकडा खोडून 449 घातला.

मग खुर्ची भिंतीकडून वळवली आणि सरळ स्क्रीनसमोर बसलो. घूं भरून आली. तिच्यावर जी वाजवला, चांगला बसला. लेक पुन्हा दारात आली, बघून गेली, काही बोलली नाही.

सदतीस सेकंद झाले. फाईलचं नाव 'हेच घ्यायचं 2'.