फाइली पटकन गेल्या, सेटिंगांनी घाम काढला

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझं जुनं मशीन काही ११ घ्यायला तयार नव्हतं, म्हणून नवा लॅपटॉप आला. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप हे उचलून टाकायला अक्कल लागत नाही, खरी गोम सेटिंगांची. त्यामुळे कॉपीला हात लावायच्या आधी वही घेतली आणि रोजचं काम करता करता जे जे वापरात येतंय ते लिहीत गेलो... वर्डचे ऑटोकरेक्ट, बुकमार्क, वेगळे टाकलेले फॉन्ट, प्रिंटर, वायफायचे पासवर्ड. यातलं बरंचसं ॲपडेटा नावाच्या फोल्डरात असतं आणि हिडन आयटम्स चालू केल्याशिवाय तो फोल्डर दिसतच नाही.

पण म्हणून अख्खा ॲपडेटा उचलून नव्या मशीनवर ओतायचा नाही, त्यात कॅशेचा, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचा, कचराच फार. शिवाय क्रोमचं प्रोफाइल नुसतं कॉपी केलं तर सेव्ह केलेले पासवर्ड काही उघडत नाहीत, कारण ते जुन्या मशीनवरच्या विंडोज अकाउंटशी बांधून एन्क्रिप्ट केलेले असतात. सिंक तरी करा नाहीतर एक्स्पोर्ट, आणि एक्स्पोर्टची फाइल कोणालाही वाचता येते त्यामुळे काम झालं की लगेच उडवा. फायरफॉक्स आणि थंडरबर्ड (मेलचा प्रोग्राम) यात सरळ, प्रोफाइलचा फोल्डर नेला की सगळं येतं. आउटलुकची पीएसटी, म्हणजे मशीनवर मेल साठवलेली फाइल, न्यायची; ओएसटी ही सर्व्हरवरच्या मेलची नुसती कॉपी, तिच्या मागे लागू नका, ती सर्व्हरवरून परत बनते.

पीएसटी मोठी असेल तर पेन ड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचा नाही ना ते आधी बघा, त्यावर ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही, एक्सफॅट करून घ्या. आणि वनड्राइव्हमध्ये ज्या फाइलींवर ढगाचं चिन्ह आहे त्या डिस्कवर नसतातच, फक्त नाव दिसतं! त्या कॉपी करायला गेलं की आधी डाउनलोड होतात, नेट स्लो असेल तर बसा बघत.

मायक्रोसॉफ्टचं यूएसएमटी, म्हणजे फाइली आणि सेटिंगं एका मशीनवरून दुसऱ्यावर न्यायचं टूल, ते पण बघितलं, स्कॅनस्टेटने गोळा करायचं आणि लोडस्टेटने नव्यावर उतरवायचं, पण ते ऑफिसातल्या ढीगभर मशीनसाठी ठीक, एका लॅपटॉपसाठी कोण एवढा खटाटोप करणार. आणि प्रोग्राम त्यातूनही येत नाहीत, ते नव्याने टाकावेच लागतात, ज्यांचं लायसन एकाच मशीनला चालतं ते आधी जुन्यावर डीॲक्टिव्हेट करून मग नव्यावर टाकले.

जुनं मशीन तूर्त फॉरमॅट करत नाहीये, वहीतल्या सगळ्या ओळींवर टिक झाली की मग बघू.