उणे दहामधला वॉश

गेल्या जानेवारीत मिनिआपोलिसच्या लेक हॅरिएटच्या काठावर उभं राहून जलरंगात आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, दिला. तो वाळलाच नाही, गोठला. उणे दहा सेल्सिअस होतं. आधी कागदावर साय धरल्यासारखं झालं, मग बघता बघता त्या निळ्यातून नेच्याच्या पानांसारखी नक्षी उमटली. पाण्याचा स्फटिक होताना तो रंगाचे कण आत घेत नाही, बाजूला ढकलतो. ते दोन स्फटिकांमधल्या फटीत साचतात, त्याच ह्या रेघा. बोटं बधिर झाली होती तरी तिथून हलवेना.

ते चित्र तसंच घरात आणलं आणि उबेत सगळी नक्षी विरघळून गेली. फार हळहळले. आता चित्राचा बोर्ड घराच्या उघड्या गॅलरीतच ठेवते. कोरड्या थंडीत बर्फ पाणी न होताच हळूहळू उडून जातो आणि रेघा शाबूत राहतात. ह्याला गुळगुळीत हॉट प्रेस कागदच हवा, खरखरीत कागदाच्या खळग्यांत बारीक रेघा हरवतात. नक्षी नको असेल त्या दिवशी रंगाच्या पाण्यात थोडी व्होडका घालते, म्हणजे ते लवकर गोठत नाही.

पुण्यात शिकले तेव्हा नेमकं उलटं होतं. एप्रिलमध्ये पर्वतीवर बसलं की वॉश खालपर्यंत नेईस्तोवर वरचा वाळून जायचा, म्हणून हात भरभर चालवायची सवय लागली. इथल्या दमट जुलैत ३०० ग्रॅमचा जाड कॉटन कागद बराच वेळ ओला राहतो. त्यावर घाई केली की रंगांचा चिखल. थांबायला मी इथे शिकले.

ऑक्टोबरसाठी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणलेले ताव जपून ठेवते. माझ्याकडच्या तावांना खळ, म्हणजे पाणी चटकन मुरू न देणारा लेप, कमी आहे. रंग टेकवला की पसरतो, परत उचलता येत नाही. लाल झालेल्या मेपलला हेच शोभतं. लांबून त्या झाडांना कडा कुठे असतात!

सध्या एप्रिल आहे आणि हाताशी युपो, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा कागद. त्यात पाणी मुरतच नाही, वर डबकं करून बसतं, आणि ओल्या फडक्याने पुसलं की पुन्हा पांढरं. फुटणाऱ्या बर्फासाठी ह्याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही. आज तळ्याच्या मधोमध अजून करडा थर आहे, काठाशी मात्र पाणी दिसायला लागलंय. ताव आणि फडकं पिशवीत टाकून निघतेय.