ब्याण्णव टक्क्यांवरची अडक सुटली

सुटलं! झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांची रेकॉर्डिंग लोकांनी चढवावी आणि उतरवावी म्हणून मी घरच्याच मशीनवर साइट चालवतो. मोठ्या फाइल त्यात अर्ध्यावर अडायच्या. काल रात्री वडश्याहून निघालेली १२ जीबीची फाइल थेट माझ्या डिस्कवर येऊन टेकली. पाऊण तास लागला. दोन्हीकडचा चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का हे तपासणारा आकडा) जुळला तेव्हा झोपलेल्या बाबांना उठवून सांगितलं, राहवलंच नाही.

मागच्या अपडेटपर्यंतची गोष्ट थोडक्यात अशी. घरचं मशीन बाहेरच्यांना दिसावं म्हणून घेतलेल्या फुकटच्या टनेल सेवेवर एका रिक्वेस्टला १०० एमबीची मर्यादा, आणि आपली इंटरनेट लाइन सीजीनॅटच्या मागे, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला, बाहेरून थेट घरी येता येत नाही. म्हणून मुंबईचा छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेतला आणि तिथून घरच्या डेबियन लिनक्सच्या मशीनपर्यंत वायरगार्ड, म्हणजे खाजगी व्हीपीएन बोगदा, ओढलं. (राउटरच्या वॅनवर, म्हणजे बाहेरच्या बाजूला, १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसत असेल तर तुम्हीही सीजीनॅटमागे आहात. राउटरमधून घरी रस्ता उघडणाऱ्या पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये रात्री घालवू नका.) फोटो, पोस्टर, गाण्यांचे ट्रॅक सगळं वर जात होतं. आपली साइट मात्र ज्यासाठी आहे ते झाडीपट्टीच्या नाटकांचं रात्रभराचं रेकॉर्डिंग अडायचं. शूटिंगवाल्या मित्राचा फोन ठरलेला: "भाऊ, पुन्हा ब्याण्णववरच अटकली गा."

पहिला संशय लाइटवर. मळणीच्या दिवसांत आमच्याकडे व्होल्टेज नाचतं, म्हणून यूपीएसची बॅटरी बदलली. फरक शून्य. मग फायबरवर संशय, मग वायरगार्डच्या एमटीयूवर (एका पॅकेटचा कमाल आकार). १४२० चा १३८० केला, तरी तेच. घरच्या मशीनचे लॉग पुन्हा पुन्हा वाचले, त्यात त्या अपलोडची ओळसुद्धा नव्हती. ओळ नाही म्हणजे लाइन तुटली, असं मी धरून बसलो. दोन आठवडे त्यातच गेले.

रविवारी मित्राने दुसरी फाइल लावली, १४ जीबीची. ती ७९ टक्क्यांवर मेली. कागदावर गुणाकार मांडला: १२ चे ९२ टक्के ११, आणि १४ चे ७९ टक्केही ११. टक्का वेगळा, जीबी तोच. तिसऱ्यांदा लावायला सांगून मी घरच्या नेटवर्क स्विचसमोर जाऊन बसलो. त्याच्या स्क्रीनवर पट्टी पळतेय आणि माझ्या मशीनच्या पोर्टचा दिवा गप्प. फाइल घरी येतच नव्हती!

व्हीपीएसवर डीएफ (डिस्कची रिकामी जागा दाखवणारी कमांड) मारला. रिकामी जागा मिनिटामिनिटाला घटत होती. तिथे आलेल्या रिक्वेस्ट घरी पुढे पाठवणारा प्रॉक्सी म्हणजे एनजिनएक्स. अपलोड साठवायच्या त्याच्या बॉडी फोल्डरवर डीयू (फोल्डरचा आकार दाखवणारी कमांड) मारला तर फोल्डर रिकामा. इथे डोकं गरगरलं. मग उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफमध्ये दिसलं: एनजिनएक्सने उघडून ठेवलेली फाइल, पुढे 'डिलीटेड'. तो आलेलं सगळं आधी तात्पुरत्या फाइलमध्ये साठवतो, ती फाइल उघडल्याबरोबर तिचं नाव पुसतो, आणि पूर्ण झाल्यावरच पुढे पाठवतो. माझ्या २० जीबीच्या व्हीपीएसवर मोकळी जागा ११. अपलोड मेला की जागा आपोआप परत मिळते, त्यामुळे मागाहून पाहणाऱ्याला डिस्क निवांत दिसते. व्हीपीएसच्या एरर लॉगमध्ये 'नो स्पेस लेफ्ट' पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं.

उपाय एनजिनएक्सच्या सेटिंगमध्ये दोन ओळींचा: प्रॉक्सी रिक्वेस्ट बफरिंग ऑफ (आधी साठवू नको, येईल तसं पुढे पाठव), आणि प्रॉक्सी एचटीटीपी व्हर्जन १.१. पहिली ओळ एनजिनएक्स १.७.११ पासून आहे. घरी मध्ये दुसरा प्रॉक्सी नाही, अ‍ॅप थेट वायरगार्डच्या पत्त्यावर ऐकतं, म्हणून एवढ्यावर भागलं. रीलोड केलं आणि पोर्टचा दिवा लुकलुकायला लागला. तो दिवा मी बराच वेळ नुसता बघत होतो.

आता पुढचं. या महिन्यात नागपूरला जाऊन सीताबर्डीवरून ४ टीबीची दुसरी डिस्क आणायची असं ठरलं होतं. आणताना खोक्यावरचा मॉडेल नंबर वाचूनच घ्या. रेडमध्ये (RAID, एकापेक्षा जास्त डिस्कची जोडणी) एसएमआर डिस्क, म्हणजे जिच्यात ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात ती, घालू नका, बिघडलेली डिस्क बदलून रीबिल्ड करताना ती जीव काढते, दुकानदार कितीही 'सेमच आहे' म्हणो. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की डिस्क थांबू शकते, आधी टस (tus), म्हणजे तुटलेलं अपलोड तिथूनच पुढे चालू करणारी पद्धत, बसवायला हवं. ५० एमबीच्या तुकड्यांनी फाइल आली असती तर व्हीपीएसची जागा भरलीच नसती. शिवाय लाइट गेली तरी ब्राउझर 'हेड' रिक्वेस्टने ऑफसेट (कुठपर्यंत आलंय) विचारतो आणि तिथूनच 'पॅच' रिक्वेस्टने पुढे पाठवतो. आमच्या भागात साइट चालवायची तर हे पहिल्या दिवशीच हवं होतं.

डाउनलोडचा हिशोबही आत्ताच लागला. एक १२ जीबीचं नाटक २० जणांनी उतरवलं की व्हीपीएसमधून २४० जीबी बाहेर गेले, आणि महिन्याचा कोटा १ टीबी. म्हणून लिंक १५ दिवसांनी बंद करणार. अपलोड फक्त ओळखीच्या मंडळींच्या लॉगिनवर, अनोळखी माणसाला नाही. यावर मी ठाम आहे. दुसऱ्याची फाइल आपल्या घरात ठेवायची तर ती कोणाची हे माहीत असलं पाहिजे. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर लागतो. ते पान तयार आहे, माझंच नाव टाकलंय.

आज रात्री टसडी (टसचा सर्व्हर) चढवतो. मित्राला तीच १४ जीबीची फाइल लावायला सांगितली आहे. ती अर्ध्यावर आली की मी राउटरची पिन उपटणार.