गायब थवा सापडला, आता मोजणीचा दिवस बदला

मंडळी, सापडले! भरती चढली की अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावरून नाहीसे होणारे आपले चिखले (प्लोव्हर, किनाऱ्यावरचे छोटे पाणपक्षी) जातात कुठे, ते अखेर कळलं. गेल्या दोन नोंदींत ज्या 'गायब थव्या'वर एवढी डोकेफोड झाली, तो रेवदंड्याला जात नाही आणि कुणाला वाटत होतं तसा मुरूडलाही जात नाही. खाडीच्या अंगाला खारबंदिस्तीला (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाला) खांड जाऊन जी शेतं खाऱ्या पाण्याखाली गेली आहेत, तिथल्या उघड्या चिखलावर तो जाऊन बसतो. उडत गेलं तर दोन मिनिटांचं अंतर. मधे सुरूचं बन, वाड्या आणि तिवरांची दाट रांग आहे, म्हणून किनाऱ्यावरून त्याचा मागमूस लागत नाही.

पक्षी सप्ताहात जे नवे लोक आले त्यांच्यासाठी थोडक्यात. ओहोटीला आक्षीपासून नागावपर्यंत ओली रेती उघडी पडते आणि चिखले, तुतारी (सँडपायपर), सँडरलिंग असे पक्षी त्या सगळ्या पट्ट्यावर विखुरतात. आपल्या दोन तुकड्या दोन टोकांकडून मोजत येतात. मधेच एखादा कुत्रा धावतो, नागावच्या बाजूने वाळूवरच्या मोटारी घुमायला लागतात, आणि थवा उठून इकडचा तिकडे. मग तोच थवा दोन्ही वह्यांत, नाहीतर एकाही वहीत नाही. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते आहे. तिचा उपयोगच असा की एकाच जागी, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षं मोजलं तर चढउतार दिसतात. आपले आकडे वर्षागणिक जे हेलकावे खातात ते पक्ष्यांचे नसून बरेचसे पाण्याचे आहेत, असं माझं आता ठाम मत झालंय.

शोध लावला तो आपण नाही, हेही सांगून टाकतो. उघाडीपाशी (बांधातल्या पाण्याच्या दारापाशी) जाळं लावणारे एक काका आहेत. आमचा स्कोप (तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण) बघून त्यांनी विचारलं, "काय शोधता?" सांगितल्यावर म्हणाले, "ती पाखरं होय? भरतीला आत येतात की. आमी रोज बगतो." मग त्यांच्याच मागोमाग बांधावरून गेलो आणि तिवराच्या आडोशाला बसलो.

पाणी चढत गेलं तसे ते आले. वीस-पंचवीसच्या लहान लहान टोळ्या, तिवराच्या शेंड्यावरून खाली झेपावत. उतरले की सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. कडेला केंटिश प्लोव्हर, पांढरी गळपट्टी मिरवत. मधे सँड प्लोव्हरांची दाटी, बहुतेक एका पायावर. त्यांच्यातून मान काढून उभे असलेले रेडशँक आणि मागे पाण्याच्या काठाला टेरेक सँडपायपर, वर वळलेल्या चोचीमुळे लगेच ओळखू येणारे. एक मार्श हॅरियर (शिकारी पक्षी) वरून तरंगत गेला आणि सगळा चिखल उचलल्यासारखा थवा उठला, वळला, पोटाकडचा पांढरा रंग एकदम चमकला, आणि पुन्हा जिथल्या तिथे बसला. आमच्यातल्या एकाने क्लिकर दाबायचं सोडून तोंड उघडं ठेवलं होतं. नाव सांगत नाही.

तर जागा मिळाली. आता खरा घोळ सुरू होतो, तो म्हणजे मोजायचं कधी?

आत्तापर्यंत आपण रविवार बघून जात आलोय. पण पाण्याला रविवार कळत नाही. जुना हिशोब सगळ्यांना माहीत असेलच: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला 8 ची पाऊणपट 6, म्हणजे पूर्ण भरती सकाळ-संध्याकाळी 6 ला. पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावास्येलाही तेच, तिथे 15 धरायचे, 30 नव्हे. ॲपमधल्या तक्त्याशी थोडा फरक पडतो, पण महिनाभर आधी बेत ठरवायला हा हिशोब पुरतो.

अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे कमी चढणारी भरती. ते पूर्ण चढतच नाही, किनाऱ्यावर रेतीची पट्टी शिल्लक राहते आणि पक्षी तिथेच इकडेतिकडे बसून राहतात. आत यायची त्यांना गरजच पडत नाही. वर भरतीची वेळ झुंजुमुंजूची किंवा दिवेलागणीची. म्हणजे भांगाला मोजणी बाद. उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला) मात्र किनारा झाकला जातो आणि सगळे आत लोटतात. काका म्हणाले की हिवाळ्यात दिवसापेक्षा रात्रीचं पाणी जास्त चढतं, त्यामुळे दिवसाच्या उधाणाला किनाऱ्यावर थोडी जागा राहू शकते. ते बघायला एक माणूस सुरूच्या बनाकडे ठेवावाच लागेल.

मी पहिल्यांदा द्वादशी-त्रयोदशी धरली होती. भरती 9 ते पावणेदहा, हवा गार, मुंबईचे लोक रात्रीच येऊन राहतील, सगळं जमतंय. पण उजेडाचं काय? किनाऱ्यावर उभं राहून समुद्राकडे बघताना सकाळचा सूर्य पाठीशी असतो, म्हणून आपल्याला सकाळची सवय. इथे उलटं आहे. बांध पश्चिमेला, पक्षी पूर्वेला. सकाळी 9 ला सगळा थवा काळ्या ठिपक्यांचा दिसणार. हिवाळी पिसाऱ्यातले हे पक्षी चांगल्या उजेडातही रडवतात, मग उन्हाकडे तोंड करून काय दिवे लावणार!

म्हणून आता तृतीया-चतुर्थी. भरती सव्वादोन ते 3, सूर्य पाठीशी, आणि उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस टिकतोच. दुपारी चिखलावर हवा थरथरते ही अडचण आहे, पण भरतीला बराचसा चिखल पाण्याखाली असतो, तेव्हा ती धग किनाऱ्याइतकी त्रास देत नाही.

आता आकड्यांचं. दाटीवाटीने बसलेला थवा मोजताना दोघांचे आकडे कधी जुळत नाहीत. दहा मोजायचे, त्या दहांचा ठोकळा डोळ्यात धरायचा आणि तो थव्यावर पुढे सरकवत जायचा, हे सगळे करतात. पण मागच्या रांगा पुढच्यांच्या आड जातात आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या दुप्पट येतो. त्यावर बांधावर बसूनच वाद झाला. फोटो काढून फोनवर ठिपके देत मोजा, असं एक मत. चांगलं आहे, पण आडचे पक्षी फोटोतही आडच राहतात.

हे लिहिता लिहिता एक सुचतंय. बसलेले मोजायचेच कशाला? येताना मोजू! टोळ्या लहान असतात, तिवराच्या एकाच फटीतून येतात, साधारण दोन तास हा ओघ चालतो. दोघांनी फटीवर नजर ठेवून फक्त एकूण संख्या घ्यायची, जात बघायचीच नाही. मधेच हॅरियर आला आणि थवा उठून बाहेर गेला, तर ते बाहेर जाणारे वजा. तिसऱ्याने स्कोप लावून बसलेल्या थव्यात ठिकठिकाणचे शंभर-शंभर पक्षी नीट ओळखायचे: किती केंटिश, किती लेसर सँड प्लोव्हर, किती ग्रेटर सँड प्लोव्हर. एकूण संख्या पहिल्या दोघांची, प्रमाण तिसऱ्याचं. म्हणजे सुरूच्या बनाकडचा माणूस धरून चार जण तरी लागतील.

लेसर-ग्रेटरबद्दल पुन्हा एकदा. नुसत्या आकारावर जाऊ नका, शेजारी कोण उभा आहे त्यावर आकार फसवतो. चोच बघा: ग्रेटरची लांब आणि टोकाकडे निमुळती, लेसरची आखूड आणि बोथट. पाय ग्रेटरचे लांब, हिरवट राखाडी झाक असलेले, लेसरचे गडद. आणि आता लेसरचेही तिबेटन आणि सायबेरियन अशा दोन वेगळ्या जाती झाल्यात, म्हणजे आगीतून फुफाट्यात. खात्री नसेल तर ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) सरळ स्लॅशची, म्हणजे 'हा किंवा तो' अशी नोंद करा, त्यात कमीपणा नाही. फोटोवरून नाव सांगणाऱ्या ॲपांवर हिवाळ्यातल्या चिखल्यांपुरतं तरी विसंबू नका.

सामानाबद्दल दोन शब्द. दुर्बीण 8×42 ची पुरते, 10 पटीची घेऊन हात हलवत बसण्यापेक्षा बरी. स्कोप 30 पटीच्या पुढे नेऊ नका, 60 ला फक्त वाफ मोठी दिसते. ट्रायपॉडचे पाय पिळून आवळायचे असतील तर त्यात रेती जातेच. खटक्याचे घ्या, आणि घरी गेल्यावर गोड्या पाण्याने धुवा.

एक गोष्ट मुद्दाम सांगायची राहिली असती. सप्ताहात आलेली नववीतली मुलगी आठवते ना, सगळ्यांना प्रश्न विचारून भंडावणारी? तिने परवा ओहोटीला एकटीने कालवफोड्या (ऑयस्टरकॅचर) शोधला आणि आम्हाला बोलावून दाखवला. जरा उघडा राहिलेला शिंपला हेरून त्याने त्यात चोच घातली, दोन-तीन हिसके दिले, आतला स्नायू तुटला आणि शिंपला आपसूक उघडला. मांस ओढून काढून लगेच पुढच्या शिंपल्याकडे. तिने वेळ लावून त्याचे शिंपले मोजले. ओहोटीची किनाऱ्याची वही आता तिच्याकडे द्यावी असं मी सुचवतो.

जागेचा नेमका पत्ता इथे टाकत नाही, ईबर्डवरही आक्षीच्या नेहमीच्या हॉटस्पॉटवरच (तिथल्या ठरलेल्या सार्वजनिक ठिकाणावरच) नोंद करू. भरतीच्या त्या तीन-चार तासांत पक्ष्यांना बसायला तेवढीच जागा आहे, तिथे फोटोसाठी झुंबड नको. बांध सोडून खाली उतरायचं नाही, ड्रोन तर नाहीच.

जानेवारीतली तृतीया आठवड्याच्या मधल्या वारी येतेय. ज्यांना अर्धी रजा मिळेल त्यांनी कळवा. गणनेच्या अधिकृत दिवसांत ती बसली नाही तरी नेहमीचा रविवार आपण सोडत नाही. दोन्ही करू आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवू, फेब्रुवारीच्या बॅकयार्ड काउंटपर्यंत (तीही एक पक्षीगणनाच) फरक कळेल. दुसरा स्कोप कोण आणतंय? आणि चपला घालून येऊ नका. बांधापर्यंतच्या वाटेवर कालवांची टरफलं आहेत, पाय चिरतात.